पार्सलातली कुंकवाची पुडी

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा आहे. पुण्यातील एका सरकारी कचेरीच्या भिंतीला लागून माझे टेबल आहे, आणि त्या टेबलाशी येणाऱ्या माणसाचे म्हणणे त्याच्यापेक्षा अधिक नीट मांडून देणे हे माझे काम आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. परंतु मी लिहिलेला अर्ज भाषेच्या कारणावरून कधी परत आल्याचे मला आठवत नाही, आणि माझ्या मसुद्यांविषयी साहेब लोकांनीही वेळोवेळी चांगले उद्गार काढलेले आहेत. हे आत्मप्रौढी म्हणून सांगत नाही. माझ्या कामाची एक रीत आहे, ती समजावी म्हणून सांगतो. माणूस समोर बसल्याशिवाय मी लेखणी उचलत नाही. त्याचा चेहरा कसा आहे, बोलता बोलता तो कोठे अडखळतो, हे पाहिल्यावरच ‘विनंती’ लिहावी की ‘मागणी’ लिहावी, हे मला ठरवता येते.

म्हणूनच माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी बाई गळ्यातले दागिने विकते, आणि ज्यांना विकते त्यांपैकी एकीचेही तोंड तिने पाहिलेले नाही, हे कळल्यावर मला चैन पडेना. ज्या बाईचा गळा पाहिला नाही तिच्यासाठी ठुशी करावयाची ती कोणत्या मापाने? आणि ज्या बाईने माल हातात धरून पाहिला नाही, ती तो विकत घेते ती कोणत्या भरवशावर?

काळ असा होता की शहराच्या बाहेर काचेच्या इमारती उभ्या राहून जुन्या झाल्या होत्या. कचेरीत संगणक आले होते. माझे टंकलेखन यंत्र मी कापडाखाली झाकून ठेवले होते आणि उतरत्या वयात संगणकावर मराठी टंकण्यास शिकलो होतो. लोक घरबसल्या फोनवरून साड्या, चपला, भांडी मागवू लागले होते. हे सर्व मला ऐकून ठाऊक होते. माझ्याच जिन्यावरून ते रोज उतरत असेल, अशी मात्र कल्पना नव्हती.

आमचे घर गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आहे. वरच्या दोन खोल्यांत यवतमाळकडचे जोडपे राहत असे. नवरा भोसरीच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. बायको बारावी झालेली, बोलण्यात गोड, हाताने चपळ. रविवार पेठेतून मणी, मोती आणि तारा आणून ती नथी, ठुश्या आणि तन्मणी करी. तन्मणी म्हणजे मोत्यांचे सर आणि मधोमध खड्यांचे पदक. त्यात तिचा हात विशेष होता. हे दागिने एका संकेतस्थळावर तिने मांडले होते, आणि त्या मांडण्याला ती ‘माहं दुकान’ म्हणे.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याचे कंत्राट संपले व पुढचे मिळाले नाही. गावाकडून त्याच्या थोरल्या भावाचा निरोप आला की शेत आहे, किराणा दुकान आहे, आता परत या. नवरा तयार होता. बायको नव्हती. एका संध्याकाळी दोघे खाली आले आणि मला मध्यस्थ म्हणून बसवले.

“तिथं माह्या हाताले काम नाही जी,” ती म्हणाली. “घरचं काम हाय, पण त्याले कोणी काम म्हणत नाही.”

“आन् इथं कोणतं काम हाय?” नवरा म्हणाला.

“दिवाळीपर्यंत पाहा. माह्या दुकानावर घर चाललं तर राहू. नाही चाललं तर मीच सामान बांधते.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, मुदत वाजवी आहे. त्यावर त्याने मान हलवली, आणि दिवाळीपर्यंत मुक्काम ठरला. माझी पत्नी आतून म्हणाली, “अहो, आता शिक्काही मारून द्या.”

त्यानंतर कचेरीतून आल्यावर चहा घेऊन वर जाण्याची मला सवय लागली. दागिने बनवण्यापेक्षा ते बांधण्याचे काम मला अधिक गूढ वाटे. प्रथम दागिना कापसावर ठेवावयाचा, मग तो लहान मखमली थैलीत, थैली हवेच्या फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये, ते सर्व पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि खोक्यावर चिकटपट्टी. ते फुग्यांचे प्लॅस्टिक मी प्रथमच हातात घेतले. आत नुसती हवा आहे आणि त्या हवेने मोत्यांचे रक्षण होते, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटली. सरकारी टपालात आम्ही मांजरपाट, सुई-दोरा, सुतळी आणि लाख वापरत असू. मी दुसऱ्या दिवशी लाखेची कांडी व सुतळीचा गुंडा घेऊन गेलो.

“काका, लाख लावली तर ते लोक उघडतीन कशानं?”

“ताई, कोणी उघडू नये म्हणूनच लाख लावतात.”

“पण त्याइनं उघडावं म्हणूनच तर पाठवते ना जी.”

खाली आल्यावर हे मी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “दागिना पाठवायचाय त्यांना, मृत्युपत्र नाही.”

लाखेचा विषय मी सोडून दिला. पत्ते मात्र मी मोठ्याने वाचत असे आणि त्या पत्त्यांवरून बायका डोळ्यांसमोर आणत असे. बाणेरच्या सोळाव्या मजल्यावरची, नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरची, बंगळूरच्या एका कंपनीच्या पत्त्यावर माल मागवणारी. ही तिसरी घरी न मागवता कचेरीत का मागवते? सासूपासून लपवते, की दिवसभर घरी कोणी नसते? मी असे विचारू लागलो की वरची बाई हसे आणि म्हणे, “काका, तुमी सगळ्याइचे अर्ज लिहून टाका.”

बांधणीत एक गोष्ट सर्वांत शेवटी होई. खोके बंद करण्यापूर्वी ती जुन्या कागदाची हळद-कुंकवाची एक बारीक पुडी गुंडाळलेल्या थैलीवर ठेवी. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारले.

“लेकीसुनांच्या अंगावर जाणारी वस्तू होय. कोरी कशी पाठवू?” ती म्हणाली.

हे मला तत्काळ पटले. मीही ‘श्री’ लिहिल्याशिवाय कोऱ्या कागदावर मजकूर सुरू करत नाही. काचेच्या इमारतीत बसलेल्या बाईपर्यंत आपल्या घरची चिमूटभर रीत जाते, याचे मला कौतुक वाटले, आणि हे मी कचेरीतही दोघा-तिघांना सांगितले.

आषाढ लागला आणि तक्रारी सुरू झाल्या. एका गिऱ्हाइकाने लिहिले की मोती पांढरे नाहीत, गुलाबी आहेत. दुसरीने फोटो पाठवला: तन्मणीच्या सरांवर लाल डाग, थैलीच्या आतून लाल रेघा. तिने म्हटले होते की हा वापरलेला माल आहे, कोणी तरी लग्नात घालून परत केलेला दिसतो. तिने तो परत पाठवला. मग आणखी एक परत आला. पुढे ते ओळीने परत येऊ लागले. अखेर संकेतस्थळाकडून इंग्रजीत ताकीद आली. वरच्या बाईने ती वाचून अर्थ सांगितला, आणि मी तिचे स्वरूप सांगितले: ही कारणे दाखवा नोटीस आहे. आणखी एक माल तक्रारीने परत आला तर दुकान बंद करण्यात येईल.

 दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मार्केट यार्डातून सफरचंदांची रिकामी खोकी आणली आणि जिन्याखाली रचून ठेवली. सामानासाठी. ती खोकी पाहूनही तिने विचारले नाही की कशासाठी आहेत.

दोष कशाचा, हे कोणालाच समजेना. ती म्हणे, दोऱ्याचा रंग असेल. नवरा म्हणे, पावसाने ओल लागली असेल. मी म्हणालो, पुराव्याशिवाय तर्क करणे व्यर्थ आहे. वाटेत काय होते हे पाहावयाचे असेल तर एक पार्सल आपल्याच माणसाला पाठवले पाहिजे.

“कोणाले?”

“मला. माझ्या टेबलाच्या पत्त्यावर.”

माझे टेबल आमच्या घरापासून रिक्षाच्या एका फेरीइतके दूर. परंतु फोनवर त्या पार्सलाचा मुक्काम दिसू लागला तेव्हा मी थक्क झालो. ते गुलटेकडीहून निघून सोलापूर रस्त्याने शहराबाहेर, लोणी काळभोरच्या बाजूला एका गोदामात गेले होते, आणि तेथून ते उलट फिरून शहरात माझ्याकडे यावयाचे होते. माझे अर्ज एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाण्यास ऋतू बदलतो. आणि हे पार्सल विनाकारण गाव हिंडून, तरीही लवकर येणार होते. मला राहवेना. मी टेबलावर ‘आज रजा’ अशी पाटी ठेवली, हडपसरला बस बदलली आणि त्या गोदामाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

पहारेकरी स्टुलावर बसून भाजलेले कणीस खात होता.

“कुनाला भेटायचं हाय?”

“कोणालाही नाही. माझे पार्सल आत आहे.”

“मंग घरी जावा की. यील घरी.”

“येणार आहे हे मला ठाऊक आहे. कसे येते, तेवढेच पाहावयाचे आहे.”

त्याने कणीस खाली घेतले. “तुमी रिटायर झालाय का?”

मी माझा व्यवसाय सांगितला. त्याला काय वाटले कोण जाणे, त्याने मला फाटकाजवळच्या सावलीत उभे राहू दिले. तेथून आतला मोठा पत्र्याचा मंडप दिसत होता. एक लांब पट्टा सतत सरकत होता, त्यावर खोकी एकामागून एक येत होती, आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे ती उचलून गोणपाटाच्या मोठ्या पिशव्यांत टाकत होती. कोणी खोक्यावरचे नाव वाचत नव्हते. एक लाल उजेड खोक्यावरच्या बारकोडच्या रेघांवर पडे, टुक असा आवाज होई, आणि ते खोके कोठे जावयाचे हे ठरे. आयुष्यभर मी ‘मा. साहेबांचे सेवेशी’ लिहून कागद पुढे सरकवला. येथे काळ्या रेघा पुरत होत्या.

“फेकतात की हो,” मी म्हणालो.

“फेकत न्हाईत,” पहारेकरी म्हणाला. “सोडत्यात.”

पिशवी भरली की तिच्यावर दुसरी पिशवी पडे, आणि तिच्यावर तिसरी. माझ्या डोळ्यांसमोर त्या ढिगाच्या तळाशी असलेले मखमली थैलीचे खोके आले. मी त्याला धन्यवाद दिले. तो म्हणाला, “पुन्यांदा या. कनीस खाऊ.”

लगेच पुढच्या दिवशी कुरिअरवाला माझ्या टेबलाशी आला आणि त्याने माझ्याकडून फोनच्या काचेवर बोटाने सही घेतली. ती सही माझ्या सहीसारखी मुळीच नव्हती, तरी त्याला ती चालली. माझ्यासमोर वारसनोंदीसाठी आलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांची परवानगी घेऊन मी खोके उघडले. थैली उघडली. सगळे मोती लाल. थैलीवरची पुडी चेपून तिची घडी उकलली होती. कुंकू फुग्यांच्या प्लॅस्टिकमधून, थैलीच्या नाडीतून, मोत्यामोत्यांत शिरले होते. माझ्या बोटांना लागले, टेबलाला लागले, आणि त्या गृहस्थांच्या सात-बाराच्या उताऱ्यालाही लागले.

“आता काय, पूजा करून अर्ज लिहिणार का?” गृहस्थ म्हणाले.

संध्याकाळी मी तो तन्मणी तिच्यापुढे ठेवला.  तिने एक मोती पदराने पुसला. रंग गेला नाही.

“उपाय सोपा आहे,” मी म्हणालो. “पुडी घालणे बंद करावे.”

“नाही जी.”

“ताई, एक तक्रार आणि दुकान बंद. हे आपल्याला ठाऊक आहे.”

“ठाऊक हाय. पण पुडी नसली तर मंग हा माल कंपनीचा झाला. कंपनीचा माल तर त्याइले कुठीही भेटते.”

नवरा खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, “कुंकू ठेव, नाहीतर दुकान ठेव.”

हे भांडण नव्हते. त्याने ते शांतपणे म्हटले. तेवढ्यात माझी पत्नी रिकामे कप न्यायला वर आली. काय झाले आहे हे तिने विचारले, मी लोणी काळभोरपासून सर्व हकीकत सांगितली. तिने ती उभ्याने ऐकली, टेबलावरची चिमटीने बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी उचलली, जिच्यातून रविवार पेठेतले खडे आले होते, आणि म्हणाली, “यात भरा ना कुंकू. खडे सांडत नाहीत तर कुंकू कशाला सांडेल?”

मग माझ्याकडे वळून, “एवढ्यासाठी हडपसरला बस बदललीत?”

तशा रिकाम्या पिशव्या त्या घरात डबाभर होत्या. त्या दिवसापासून पुडी पिशवीत जाऊ लागली आणि डाग थांबले. मागणी पुन्हा येऊ लागली. गणपती जवळ आले, नथींची मागणी वाढली, आणि जिन्याखालची खोकी तशीच राहिली. मला वाटले, प्रकरण निकाली निघाले.

तसे ते निघाले नव्हते. एका संध्याकाळी मी वर गेलो तर ती फोन हातात धरून बसली होती. तन्मणी घेतलेल्या एका बाईने मजकूर पाठवला होता. तो तिने मला वाचून दाखवला. तन्मणी सुरेख आहे, असे त्या बाईने लिहिले होते. पण सोबत हळद-कुंकू का पाठवले? माझे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. हा दागिना मी माझ्यासाठी, माझ्या मनाने घेतला होता. आता तो गळ्यात घालावासा वाटत नाही. परत कसा पाठवायचा ते कळवा.

मी हे दोनदा वाचून घेतले. इतके दिवस मी पत्त्यांवरून बायका डोळ्यांसमोर आणत होतो. बाणेरची, नाशिकची, बंगळूरची. त्या सर्वांच्या कपाळावर मी टिकली लावून ठेवली होती, हे मला तेव्हा कळले. हळदीकुंकवाला आमच्याकडे आलेल्या बाईकडे माझी पत्नी आधी पाहते, मग करंडा पुढे करते. येथे करंडा आधी जात होता आणि पाहणे नव्हतेच.

आता माल परत आला की दुकान बंद, हे मला, तिला आणि दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला सारखेच स्पष्ट होते. माझ्या मते हे काम माझे होते. मी कागद घेतला आणि मसुदा केला: ‘आपणांस सदर पुडी अनवधानाने पाठवली गेली, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

तिने वाचले. “अनवधानानं नाही टाकली जी. ध्यान ठेवून टाकली.”

“ताई, हा शब्द अशा प्रसंगी वापरण्याची पद्धत आहे.”

“असन. पण त्या बाईले वाटन, म्या तिले देलं ते चुकून देलं. मंग तिले अजूनच वाईट वाटन.”

मी दुसरा मसुदा केला. त्यात ‘आपल्या भावना दुखावण्याचा हेतू नव्हता’ असे घातले. तिने तोही बाजूला ठेवला. मी तिसऱ्याची सुरुवात करत होतो, तोवर तिने पार्सलाच्या यादीतून त्या बाईचा नंबर काढून फोन लावला होता. नवरा म्हणाला, “अवं, थांब.” पण तिकडे उचलला गेला होता.

मला पलीकडचे काही ऐकू येत नव्हते. मी येथे जे ऐकले तेवढेच लिहितो.

“मी तन्मणीवाली बोलते जी. पुण्याहून… हो, तेच… नाही, परत नका पाठवू म्हणून फोन नाही केला. पाठवा, मी नाही मना करत… पुडी मीच टाकली… नाही जी, मले माहीत नव्हतं.”

मग ती ऐकत राहिली. पलीकडची बाई रागाने बोलत होती की रडत होती, हे वरच्या बाईच्या चेहऱ्यावरून समजेना. शेवटी ती म्हणाली, “माहीत असतं तरी टाकली असती.”

नवऱ्याने कपाळाला हात लावला.

“आयका ना जी. माहे वडील जाऊन लई साल झाले. माही माय दरसाली माहूरले जाते, देवीचं कुंकू आणते. त्याच्या पुड्या तीच बांधते, माह्यासाठी. तुमच्या डब्यात गेली ते तिच्याच हातची होय… हो… नाही, लावत नाही ती. देते… सगळ्याइले देते. कोणी म्हणलं तर म्हणते, देवीनं मले नाही म्हणलं नाही, तुमी कोण?”

पलीकडून पुन्हा काही बोलणे झाले. मग, “बरं… बरं जी… नाही, रागावली कायले… ठेवते.”

तिने फोन खाली ठेवला. मी विचारले, “काय म्हणाल्या?”

“म्हणे, पाहते.”

“म्हणजे ठेवतात, की परत पाठवतात?”

“पाहते म्हणल्या काका. पाहते म्हणजे पाहते.”

‘पाहते’ या उत्तरावर आमच्या कचेरीत वर्षे जातात, म्हणून मला त्याची धास्ती होती. संकेतस्थळाने माल परत करण्यासाठी काही दिवसांची मुदत दिलेली असते. ते दिवस वरच्या खोल्यांत कसे गेले हे मी जिन्यातून पाहिले. नवरा सकाळी उठला की आधी तिचा फोन पाही. ती मात्र मणी ओवत राही, आणि पार्सले बांधत राही, आणि प्रत्येकात पुडी ठेवी. मी एकदा धीर करून म्हणालो की निदान हे दिवस जाईपर्यंत थांबावे. ती म्हणाली, “थांबून काय होते? ज्याइले गेली त्याइले गेली.” 

मुदतीचा अखेरचा दिवस मावळला. परतीचा मजकूर आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा पाहिले, आणि मीही पाहिले. नाही. त्या बाईचे पुन्हा काहीच आले नाही, ना चांगले ना वाईट. तन्मणी तिने गळ्यात घातला की कपाटात ठेवला, आणि त्या पुडीचे तिने काय केले, हे मला आजतागायत ठाऊक नाही. ते समजण्यासाठी मी पुन्हा हडपसरला बस बदलली असती, पण त्या वाटेवर पाहण्यासारखे फाटक नव्हते.

नवऱ्याने त्या दिवशी भावाला फोन केला. जिन्यातून मला एवढेच ऐकू आले: “दिवाळीले येतो. पण राह्याले नाही.” नंतर त्याने पार्सले कुरिअरच्या दुकानात पोचवण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि मोटारसायकलला मागे एक पेटी बसवून घेतली. यार्डातली खोकी भंगारात गेली.

त्यानंतर ती एक काम घेऊन माझ्याकडे आली. आयुष्यात मला मिळालेल्या कामांत ते सर्वांत अवघड होते, असे मी मानतो. तिला गिऱ्हाइकाला आधी विचारावयाचे होते की हळद-कुंकू पाठवू का. पण विचारताना त्या बाईला स्वतःविषयी काहीही सांगावे लागू नये, असे तिचे म्हणणे होते. यजमान आहेत की नाहीत, धर्म कोणता, लग्न झाले की नाही, काहीही नाही.

मी टेबलाशी बसून त्यावर दिवस घालवले. माझ्या हातून आजवर जे लिहिले गेले, त्यात प्रत्येक ठिकाणी कारण विचारलेले होते. जमीन का हवी, दाखला का हवा, उशीर का झाला. कारण न विचारता विचारणे मला कोणी शिकवले नव्हते. ‘आपल्या प्रथेनुसार’ असे मी लिहिले, खोडले. ‘आवश्यकता असल्यास’ लिहिले. तेही खोडले, कारण आवश्यकता म्हटली की पुरावा आलाच. शेवटी जे उरले ते असे: ‘दागिन्यासोबत आमच्या घरचे हळद-कुंकू पाठवू का? नको असेल तर नुसते नको म्हणावे.’

पत्नीला वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचावयास सांगितले. मग म्हणाली, “यात तुमचं काहीच दिसत नाही.” तिने हे चांगल्या अर्थाने म्हटले असावे, असे मी धरून चाललो.

तेव्हापासून संध्याकाळी मी वर जातो तो उत्तरे ऐकण्यासाठी. बहुतेक जणी ‘हो’ म्हणतात. काही ‘नको’ म्हणतात आणि त्यात आणखी काही लिहीत नाहीत. ती वाचताना वरची बाई मान हलवते आणि त्या पार्सलात पुडी ठेवत नाही. एकीने लिहिले की फक्त हळद चालेल. एकीने विचारले की कुंकू कोणते आहे, खाज तर येणार नाही ना.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात नथीची एक मागणी आली, ती एका पुरुषाच्या नावाने. हिंजवडीच्या कंपनीचा पत्ता. प्रश्नाला त्याचे उत्तर आले: ‘ऑफिसच्या गणपतीत नाटक आहे. नथ मीच घालणार आहे. नाक टोचलेले नाही, दाबाची पाठवा. कुंकू पण पाठवा, चालेल.’

ती हसत हसत नवऱ्याला म्हणाली, “आता याले काय पाठवू?”

“त्यानं मांगलं ना?” नवरा चिकटपट्टी कापत म्हणाला. “मंग पाठव. विचारलं तू, त्यानं सांगतलं.”

तिने दाबाची नथ कापसावर ठेवली, थैलीत घातली, आणि वर पिशवीतली पुडी ठेवली. मग थोडे थांबून आणखी एक पुडी ठेवली. मी विचारले, दोन कशाला?

“नाटकात नवरा कोण होणार हाय, ते कुठी लिहिलं त्यानं? एखादी बाई असन, तर तिलेही लागन,” ती म्हणाली, आणि खोके बंद केले.